मित्रसाहेबांची पेन्सिल

मित्रसाहेबांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन-तीन पेन्सिली असायच्या आणि सगळ्यांच्या शेपट्या कापलेल्या. दुकानातून आणलेल्या पेन्सिलीच्या मागे लाल रबर बसवलेलं असतं ना, ते त्यांना खपायचं नाही. नवी पेन्सिल हातात आली की आधी ब्लेडनं ते रबर पत्र्यासकट उडवायचे, केराच्या डब्यात टाकायचे आणि मगच पुढचं टोक काढायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, बाई, हा माणूस थोडा सरकलेला दिसतोय. पुढे सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसले, तेव्हा 'थोडा' हा शब्द मागे घेतला.

आम्ही बीडमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या काउंटरवर कामाला होतो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, ते आता बंदही पडलंय. योजना तुम्हाला ठाऊक असेलच. गरिबाच्या ऑपरेशनचा खर्च विम्यातून भागवायचा आणि हॉस्पिटलनं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. त्यासाठी दारातच एक टेबल असतं आणि त्यावर बसणाऱ्याला सरकारी भाषेत आरोग्यमित्र म्हणतात. रेशनकार्ड बघायचं, आधार बघायचं, डॉक्टरनं लिहिलेला आजार योजनेच्या यादीत बसतो का ते बघायचं, कागद कॉम्प्युटरवर चढवायचे आणि मुंबईहून मंजुरी आली की पेशंटला आत पाठवायचं, एवढं आमचं काम. खेड्यातल्या लोकांनी 'आरोग्य' गाळलं आणि मित्राला साहेब जोडला. मला मात्र सगळे नुसतं ताई म्हणायचे. साहेब व्हायला मिशा लागतात हे मला तिथेच कळलं.

मित्रसाहेब चकलांब्याचे. आधी मलेरिया खात्यात होते. सायकलला काचपट्ट्यांची पेटी बांधून वस्तीवस्तीवर जायचं, तापानं फणफणलेल्या माणसाचं बोट टोचायचं आणि रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, हे त्यांनी अख्ख्या नोकरीभर केलं. "गेवराई तालुक्यातली निम्मी बोटं माझ्या वळखीची हायत," असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर कंत्राटावर इथे लागले. अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा, पायात मात्र प्लास्टिकच्या चपला. वर्षातून एकच रजा घ्यायचे, जयंतीची. त्या दिवशी निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचतात हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

काउंटरला आधी काच होती आणि बोलायला तिला एक भोक. मित्रसाहेबांनी आल्या आल्या ती काच काढायला लावली. मॅनेजर म्हणाला, "अहो, सगळीकडं असती काच. बँकेत न्हाई का?"

"बँकेतून नोटा चोरीला जात्यात. इथून काय न्हेणार, ताप?"

काच निघाली. मग त्यांनी पेशंटची खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून स्वतःच्या शेजारी आणून ठेवली. पेशंट आला की आधी पाणी. तो पाणी प्यायल्याशिवाय कार्ड मागायचं नाही, असा नियम. घाईतला माणूस कितीही ओरडला तरी मित्रसाहेब ढिम्म हलायचे नाहीत. एकदा गर्दी होती म्हणून मी तांब्या बाजूला सारला आणि थेट कार्ड मागितलं, तर दिवसभर माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाले, "आष्टीहून एस.टी.त उभ्यानं आलेला माणूस हाय त्यो. त्याचं तोंड तर वलं होऊ दे."

पाणी झालं की चित्र. पाठकोऱ्या कागदावर ते माणसाचा आकार काढायचे, एक पुढून आणि एक पाठीमागून. गोल डोकं, दोन हात, दोन पाय. बाईचा असला तर वर अंबाडा, तेवढाच फरक. मग पेन्सिल पेशंटच्या हातात द्यायचे. "दुखतंय कुठं, तिथं फुली मारा." अंगठाबहाद्दर असो नाहीतर हेडमास्तर, फुलीशिवाय त्याचा अर्ज पुढे सरकायचा नाही. 'आधी फुली, मग अंगठा' हे त्यांचं पालुपद. योजनेत या कागदाला काडीची किंमत नव्हती, तो कुणी मागतही नव्हतं. मित्रसाहेब तो टाचणीनं आमच्या फाइलला लावायचे आणि डॉक्टरचा कागद त्याच्या शेजारी धरून बघायचे. डॉक्टर म्हणतो मुतखडा आणि फुली गुडघ्यावर, असं झालं की फाइल घेऊन तडक आत जायचे.

एकदा मी विचारलंच, "साहेब, पण त्या रबरानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"माणूस पहिल्यांदा जिथं टोक टेकवतो ना, तीच खरी जागा. मागून नवरा सांगतो, सासू सांगती, डॉक्टर सांगतो. रबर असलं की बिचारा खोडतो आन त्यांच्या मनासारखी फुली मारतो. म्हून खोडायचं साधनच ठिवायचं न्हाई."

मला ते पटलं. इतकं पटलं की मीच पेन्सिली कापून द्यायला लागले.

योजना समजावून सांगायची त्यांची एक खास रीत होती. सिरसाळ्याचा एक म्हातारा हर्नियासाठी आला होता आणि खुर्चीवर टेकायलाच तयार नव्हता. फुकट कोण कापतंय, आत नेऊन किडनी काढून घेतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मित्रसाहेबांनी त्याला विचारलं, "बाबा, तुमच्याकडं सावड असती का?"

"असती की."

"तुमच्या रानात धा घरची माणसं खुरपायला आली, तवा त्येंला काय दिलं?"

"द्यायचं काय? मी बी जातो की त्येंच्या रानात."

"मग ही बी सावडच हाय. आज तुमचं रान, उद्या दुसऱ्याचं. कोण कवा पडंल कुणाला ठावं? सरकार निस्तं हाळी देणारं हाय."

म्हातारा हसला आणि पाणी प्यायला. तो आत गेल्यावर मित्रसाहेब मला हळूच म्हणाले, "सावडीत कुणी इचारत न्हाई, की तुझं रान खरंच खुरपायचं हाय का. इथं धा येळा इचारत्यात. आन जिथं इचारायला पायजे तिथं न्हाई इचारत." तेव्हा मला त्यातलं निम्मंच कळलं.

सुरुवातीला योजना फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डाला होती. पांढरं कार्ड म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर, त्याला नाही. त्या काळात एका गावचे पुढारी, दारात दोन गाड्या उभ्या असलेले, केशरी कार्ड घेऊन आले. मित्रसाहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "मालक, कार्ड गरीब झालंय, तुमी न्हाई झालात." पुढारी तणतणत गेले. पुढे सरकारनं नियम बदलला आणि योजना सगळ्यांना खुली झाली. महिनाभरात तेच पुढारी पांढरं कार्ड घेऊन हजर.

"आता तरी बसतो का आमी?"

"बसता की. आता तुमी-आमी एकच. ती रांग हाय, तिच्या शेवटाला बसा."

पुढारी लालबुंद झाले, पण बसले. त्यांचा नंबर आला तेव्हा मित्रसाहेबांनी स्वतःच्या हातानं त्यांना पाणी दिलं. पुढाऱ्यांनी तांब्याकडे पाहिलं, मित्रसाहेबांकडे पाहिलं आणि प्यायले. संध्याकाळी चहा पिताना मित्रसाहेब म्हणाले, "त्येंच्या गावच्या पंगतीत माझा बाप सगळ्यात शेवटी बसायचा. ते बी उकिरड्याच्या कडंला." चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. कप विसळून ठेवला आणि घरी गेले.

वर्षातून एकदा आम्हाला प्रशिक्षणाला बोलवायचे. थंडगार हॉल, भिंतीवर चित्रं आणि मुंबईचे साहेब. एका वर्षी योजनेत आता किती नवे आजार घेतले ते साहेब सांगत होते. मित्रसाहेबांनी हात वर केला. "यादी लई मोठी झालीय साहेब, चांगलंच हाय. पर मान धरलेली कुठं हाय त्यात? उसाची मोळी व्हाऊन मान धरती ती? कंबर धरलेली कुठं हाय?"

साहेब म्हणाले, "त्याला ऑपरेशन लागत नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात बघतात."

"तिथं कुणी बघत असतं तर ती बाई माझ्या टेबलाला कशाला आली असती?"

हॉलमध्ये खसखस पिकली. साहेबांनी पुढचं चित्र लावलं. परतताना एस.टी.त मित्रसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कापायला पैसे हायत, बघायला न्हाईत." मी त्यांना गप्प बसवलं, कारण पुढच्या बाकावर आमच्या जिल्हा कार्यालयाचा माणूस बसला होता.

आता पिशवीचं सांगायला हवं. तेच सांगायला लिहायला बसले होते आणि इतका वेळ टाळत आले.

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पिशवी म्हणजे अडचणच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई चार दिवस बसली की कोयता अडतो, आणि पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात ना पाणी असतं ना आडोसा. पोटात जरा दुखलं, अंगावरून पांढरं गेलं की काही डॉक्टर सांगायचे, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. तिशीच्या आतबाहेरच्या बायका काढून घ्यायच्या आणि मग आयुष्यभर कंबर धरून बसायच्या. आमच्या हॉस्पिटलचा डॉक्टर त्यातलाच. बाई समोर बसायच्या आधीच त्याचं पेन 'पिशवी खराब' लिहून मोकळं झालेलं असायचं. मग पेपरात बोंब झाली, चौकशा झाल्या आणि नियम आला, की सरकारी दवाखान्याच्या परवानगीशिवाय खाजगीत पिशवी काढायची नाही. नियम चांगला होता, मी आजही तसंच म्हणते.

पण नियम यायच्या आधीपासून आमच्या टेबलावर मित्रसाहेबांची पेन्सिल होती. डॉक्टरच्या कागदावर पिशवी आणि चित्रात फुली मानेवर, नाहीतर कंबरेवर. अशा बाईला ते रिक्षात घालून सरकारी दवाखान्यातल्या बाई डॉक्टरांकडे न्यायचे. कितीतरी जणी गोळ्या-औषधांवर बऱ्या होऊन घरी गेल्या. एकीनं आठवणीनं शेपूची जुडी आणून दिली. मित्रसाहेबांना शेपूचा वासही सहन व्हायचा नाही, तरी त्यांनी ती भाजी खाल्ली.

ती बाई आली ती दसऱ्याच्या सुमारास, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आठवड्यात. चकलांब्याची लेक, आष्टीकडे दिलेली. वय तिशीच्या जरासं पुढे. बरोबर नवरा आणि चुलत सासरा. मित्रसाहेबांनी तिला लगेच ओळखलं.

"अगं, तू व्हय! दुसरीत असताना तुझं बोट टोचलं तर मला चावली हुतीस."

ती हसली, पदर कपाळावर ओढून घेतला आणि "नाना" म्हणत वाकून पाया पडली.

डॉक्टरचा कागद नेहमीचाच, पिशवी खराब. पाणी झालं, चित्र झालं, पेन्सिल तिच्या हातात गेली. नवरा दारात उभा होता, सासरा बाकावर बसला होता, मित्रसाहेब हातभर अंतरावर आणि मी कॉम्प्युटरपाशी. तिची पेन्सिल आकाराच्या ओटीपोटाखाली गेली, दोन मांड्यांच्या मध्ये. टोक कागदाला टेकलं आणि एक बारीक ठिपका उमटला. मग तिनं वर पाहिलं. नवऱ्याकडे, नानांकडे आणि शेवटी माझ्याकडे. पेन्सिल उचलली आणि कंबरेवर फुली मारली, चांगली ठळक. मित्रसाहेब तेवढ्यात पुढच्या माणसासाठी तांब्या भरायला वळले होते. त्यांनी फुली पाहिली. मी ठिपका पण पाहिला होता.

"कंबरच ना, बाई?"

"हां नाना. कंबरच."

मग तिनं मला बाथरूम कुठं आहे ते विचारलं. मी तिला घेऊन गेले. आत गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, एखादा कपडा असंल का तुमच्यापशी?" मी पर्समधलं पॅड काढून दिलं आणि पाळी आलीय का ते विचारलं.

"पाळी होऊन गेली. त्येला बारा दिस झालं. थांबतच न्हाई बगा. वास बी यायलाय."

"अगं, मग नानांना सांग की."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मीच नजर खाली घातली. "बापावानी हायत ते. कसं सांगू? तुमीच सांगा की, ताई."

"सांगते," मी म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा मित्रसाहेब नवऱ्याला समजावत होते. "पिशवीला काय बी झालं न्हाई. कंबर धरलीय तिची. गोळ्या घ्या, शेकायला सांगा, आन मोळी जरा बेतानं उचलू द्या." एरवी त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं असतं. पण तिथल्या बाई डॉक्टर गुरुवारी बसायच्या आणि हिची टोळी बुधवारी निघणार होती. शिवाय फुली इतकी स्पष्ट होती. आमच्या डॉक्टरनं इतक्या जणींना खोटं सांगितलं होतं, की हिला सांगितलेलं खरं असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरासारखी त्याची गत, फक्त लांडग्यानं खाल्लं दुसऱ्यालाच.

मी तोंड उघडलं होतं. समोर नवरा, चुलत सासरा आणि रांगेतले सात-आठ पुरुष. आणि मित्रसाहेब, ज्यांच्यासमोर चार वर्षांत मी पाळी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. माझ्या पोटात दुखायला लागलं की डोकं दुखतंय सांगून अर्धी रजा टाकायचे. म्हटलं, गर्दी ओसरली की सांगू. गर्दी ओसरली तोवर ती स्टँडवर पोचली असणार. मग म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी लाज कमी झाली नव्हती, उलट काल का नाही सांगितलं याचीही लाज तिच्यात येऊन मिसळली. बुधवारी टोळी गेली आणि मी स्वतःची समजूत घातली, की असतं बायकांना असं कधी कधी, होईल बरी.

टोळ्या गुढीपाडव्याच्या पुढेमागे परतल्या तेव्हा नवऱ्यानं तिला धरून आणली. अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. मित्रसाहेबांनी तिला तशीच सरकारी दवाखान्यात नेली. तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पसरलेला. बाई डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "सहा महिन्यांपूर्वी तुमच्याकडे येऊन गेली म्हणते. तेव्हा का नाही आणलीत?"

ते काउंटरवर परत आले, कपाटातून तिची जुनी फाइल काढली आणि चित्र टेबलावर ठेवलं. चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी नेला. तेव्हा त्यांना तो ठिपका दिसला.

"हे काय हाय?"

मी सांगितलं. ठिपका, बाथरूम, बारा दिवस, वास, तिचं 'तुमीच सांगा की' आणि माझं 'सांगते'. सगळं सांगितलं. सांगताना रडत होते. त्यांनी मला झाडलं असतं तर बरं झालं असतं, मी त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "तुला बी माझी लाज वाटली व्हय?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"चार वर्सं शेजारी बसून?"

त्या दिवसाइतकी माझी मला लाज कधी वाटली नाही. आजही ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

तिचे कागद त्यांनी स्वतः चढवले. संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात तिला मशीनवर किरणांचा शेक द्यायचे, सलाईनमधून औषधं द्यायचे. दर खेपेला मित्रसाहेब तिच्याबरोबर एस.टी.नं जायचे, पिशवीत पाण्याची बाटली आणि मोसंबी घेऊन. साध्या हर्नियाच्या फाइलमध्ये तीन-तीन शंका काढणाऱ्या मुंबईच्या माणसांनी तिच्या फाइलवर एकही शंका काढली नाही. सगळं पहिल्या झटक्यात मंजूर. "योजना चांगली हाय गं," ते म्हणाले. "लई चांगली हाय. निस्तं माझ्या टेबलावरून पुढं सरकायला तिला येळ लागला." श्रावणात ती गेली. तिला दोन मुली होत्या.

मातीला जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डातली एक हिरवी चादर आणली, काउंटरच्या एका अंगाला दोरी बांधली आणि चादर तिच्यावर टाकली. "आजपासून बायकांची चित्रं तू काढायची. मी भाईर बसतो." आणि खरंच बाहेर जाऊन बसायचे, गाड्या लावतात तिथे, वॉचमनच्या स्टुलावर. बाईचं झालं की मी चादर सारायची, मग ते आत यायचे. रांगेतले पुरुष कुरकुरायचे, "ओ मित्रसाहेब, इथं बसायचा पगार घेता का तिथं बसायचा?" ते चादर सरायची वाट बघत बसायचे. पूर्वी त्यांनी अशा माणसाला सोलून काढलं असतं.

जिल्ह्याच्या कार्यालयात ते दर महिन्याला एक अर्ज टाकायला लागले, की प्रत्येक काउंटरवर एक बाई पाहिजे आणि आडोसा पाहिजे. उत्तर एकदाच आलं. मनुष्यबळाचा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. मित्रसाहेबांनी कागद उलटा केला, मागची बाजू कोरी होती. त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटचं चित्र काढलं.

पेन्सिलींची रबरं मात्र ते कापतच राहिले. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

दोन वर्षांनी हॉस्पिटल योजनेतून काढलं गेलं आणि मग बंदच पडलं. त्यांचं वय झालं म्हणून कंत्राट संपलं. मला दुसऱ्या हॉस्पिटलच्या काउंटरवर घेतलं. तिथे मी पहिल्या दिवशी काच काढायला सांगितली, ती काही निघाली नाही, पण चादर लावू दिली. पाण्याचा तांब्या ठेवला. चित्रंही चालू ठेवली. फक्त पेन्सिली कापायचं सोडून दिलं.

मग एका सोमवारी सकाळी रांगेत मित्रसाहेब दिसले. सातवा नंबर. पांढरा इस्त्रीचा शर्ट आता अंगावर लोंबत होता. मी उठून पुढे बोलावलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. बायकोला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. तिनंच त्यांना दामटून आणलं होतं हे मला नंतर कळलं. ऑपरेशन झालं आणि पुढे सव्वा वर्ष ते होते, पण ते सगळं नंतर.

नंबर आल्यावर ते चादरीच्या आत येऊन माझ्या शेजारी बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी सगळं संपवलं. केशरी कार्ड पुढे केलं तर मी म्हटलं, "आधी फुली, मग अंगठा."

ते हसले. मी चित्र काढलं, पुढून आणि पाठीमागून. पेन्सिल दिली. तिच्या मागचं लाल रबर त्यांनी पाहिलं. जरा थांबून त्यांनी कंबरेवर फुली मारली.

मी कागद ओढायला गेले तर त्यांनी त्यावर पंजा ठेवला. मान खाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चादरीपलीकडे माणसं खोकत होती, कुणाचा तरी फोन वाजत होता. मग त्यांनी पेन्सिल उलटी केली आणि ती फुली खोडायला लागले. हळूहळू, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरत. खोडून झाल्यावर पेन्सिल सरळ केली आणि खाली, दोन मांड्यांच्या मध्ये, बरोबर तिचा ठिपका होता तिथे फुली मारली.

"लघवीतून रगत जायलंय," ते म्हणाले. "आठ म्हैने झालं. घरात बी बोललो न्हवतो."

मी कार्ड हातात घेऊन बसले होते. त्यावरचा नंबर मला दिसत नव्हता.

"तिला आपुन रबर दिलंच न्हाई गं," मित्रसाहेब म्हणाले.

मग त्यांनी अंगठा पुढे केला. सही येत होती, तरी अंगठाच. कागद झाल्यावर ते उठले. चादरीबाहेर एक बाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. त्यांनी खुर्ची तिच्यासाठी सरळ केली, पेन्सिल टेबलावर तिच्या बाजूला ठेवली आणि बाहेर बायकोशेजारी जाऊन बसले.